ताळा

नाना पेठेतल्या रात्रशाळेत
सव्वाआठला माझा बीजगणिताचा तास.
फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाच्या शाळेचा सुविचार,
तो पुसायचा नाही असा शिरस्ता.
उरलेल्या फळ्यावर मी लिहिते : समजा.

समजा, एका पेनाची किंमत क्ष.
कौसल्या अडागळे, सतरा नंबरचा फॉर्म,
दिवसभर मार्केट यार्डात कांदा निवडते.
पहिल्याच आठवड्यात हात वर करून म्हणाली,
"बाई, समजा म्हणताय, पण समजलं नाही तर?"

वर्ग हसला. मीही.
मग पीएमटीत, स्वारगेट येईपर्यंत, डोक्यात तेच
की आपल्या भाषेत
मानून चालणं आणि उमगणं
एकाच खोलीत राहतात,
भाडं मात्र वेगवेगळं भरतात.

समीकरण तिला शिकवावं लागलं नाही.
यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधी
तिचा बाप तिथं तोलणार होता.
"दोन्ही पारड्यांतनं पाच-पाच किलो उचला,
काटा हलतो का? नाही हलत.
मग हे पाच तिकडं गेल्यावर वजा का होतात?"
मी म्हणाले, पक्षांतर. नियम आहे.
"तिकडं कोणी जात नाही, बाई.
दोन्हीकडनं पाच काढले.
इकडचे संपले, तिकडं कमी दिसले. एवढंच."

बावीस वर्षं शिकवतेय मी.
पाच पूल ओलांडतो आणि त्याचं चिन्ह बदलतं,
पेठेतला माणूस कोथरूडला राहायला गेल्यासारखं,
असंच पोरांना सांगत आले.

मग वयांची गणितं आली.
भाऊ बहिणीपेक्षा चार वर्षांनी मोठा.
बहीण क्ष, तर भाऊ क्ष अधिक चार.
मी नेहमीची किल्ली हातात दिली :
वयं बदलतात, फरक कायम राहतो.

कौसल्याची पेन्सिल थांबली.
"नाही राहत,"
ती म्हणाली, या वेळी हात वर न करता.
"माझा अण्णा चारनं मोठा.
एकोणीसचा होता, हडपसरला टेम्पोखाली गेला.
आता मी चव्वेचाळीस.
मीच त्याच्याहून पंचवीसनं थोरली."

खाली टिंबर मार्केटचा ट्रक मागे घेताना
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
मी तिच्या वहीत पाहिलं.
डावीकडे क्ष,
उजवीकडे एकोणीस, आणि एकोणीसभोवती चौकोन,
पट्टीनं आखलेला.
चल आणि अचल, मागच्या सोमवारचा धडा.
उदाहरणं द्या म्हटलं होतं मी,
तर बाकीच्यांनी लिहिलेलं : तापमान, पगार, पाय.

काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हणाले, उत्तराचा ताळा करावा नेहमी.
किंमत जागेवर ठेवायची, दोन्ही बाजू बघायच्या.
तिनं मान डोलावली, जणू मी सांत्वनच केलं.

"ताळा कसा जमायचा? माझा जन्म आजोळचा.
तारीख एक जून, मास्तरांनी टाकली,
त्या वर्षी अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मला.
सालपण अंदाजानं.
म्हणजे चव्वेचाळीस हेसुद्धा समजाच.
चार तर आई सांगायची.
पण एकोणीस पक्के, बाई.
अण्णा ससूनला जन्मला, ससूनलाच गेला.
दोन्ही दाखले आहेत घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत."

घंटा झाली. बाकं सरकली.
तिनं पेन्सिल अंबाड्यात खोचली,
दारापर्यंत गेली, परत आली.
"हे वयाचं किती मार्कांना येतं?"
तीन, मी म्हणाले.
"मग पुस्तकातल्यासारखंच सोडवते," म्हणाली,
"फरक कायम धरून."