फाटक

जानेवारीत बोडोला दुपारी दोनलाच दिवे लागतात.
धक्क्यावरच्या फेरी कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर,
सिन्नोवे लिहिते ती भाषा सोवळ्यातली:
एकदा ठेवलेलं नाव बदलायचं नाही,
तेच दिलं तर तेच परत मिळणार,
आणि शिजत असताना कुणी शिवायचं नाही.

पडद्यावरचा नकाशा मात्र हाल्वारचा.
अकरा वर्षांपूर्वी, एका रात्रीत, जावास्क्रिप्टमध्ये.
(एका रात्रीत, असं तो सांगतो. बायको तीन म्हणते.)
कुणीही कुठूनही यावं, काहीही उचलावं,
मासळीबाजारासारखा कोड,
आणि चालतो.
तिला खुपतं ते हेच, की चालतो.

सगळं नव्यानं लिहायला पैसे नव्हते.
म्हणून दोघांच्या मध्ये तिनं एक पोर्ट ठेवलं.
नॉर्वेजियनमध्ये पोर्ट म्हणजे फाटक, बंदर नव्हे;
इथं दोन्ही अर्थ चालतील.
पलीकडून येईल ते नाक्यावर सोडून दाखवायचं:
आकडा म्हणतोस? दाखव आकडा.
वेळ म्हणतोस? कुठल्या गावची?
हाल्वार म्हणाला, सोयरीक जुळवतानासुद्धा
माझी एवढी चौकशी झाली नव्हती.

वादळाच्या शुक्रवारी, फाटक अजून अर्धंच उभं,
व्हारॉयच्या फेरीची वेळ आली ती अशी: नल.
शून्य नाही, रिकामी ओळही नाही.
आणि जुना कोड मुळातच भिडस्त,
त्याला नाही म्हणवेना,
त्यानं नसलेल्याची तारीख करून दिली.
धक्क्यावरच्या फलकावर उमटलं:
पुढची फेरी, १ जानेवारी १९७०, रात्री एक वाजता.

ओडलौग तिथंच होती, बाकावर,
एकावर एक दोन लोकरी टोप्या घालून,
बहिणीकडे निघालेली.
तिनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
त्या साली ती एकोणीस वर्षांची.
खिडकीशी जाऊन विचारलं,
"एकेरी तिकीट मिळेल का?"

त्या रात्री सिन्नोवेनं फेरीचे प्रकार लिहिले:
वेळेवर. उशिरा. रद्द. माहीत नाही.
पहिल्या तिघांना काय म्हणायचं तेही लिहिलं.
कंपायलर अडून बसला:
चौथ्याचं काय?
तिनं तीनदा वाचलं.
हाल्वारला हसत होती इतके दिवस,
आणि तिच्याही हातून सुटलं होतं तेच.

सोमवारी, वारा तसाच,
फलक म्हणाला: माहीत नाही. कळलं की सांगतो.
हाल्वार हातात थंड कॉफी घेऊन बघत राहिला.
"मला वाटायचं," तो म्हणाला,
"असं फलकावर लिहिता येत नाही."

ओडलौग आली, वाचलं,
टोप्या नीट केल्या.
"ती सत्तर सालची काढून टाकलीत होय?"
आणि बाकावर बसली, वाट बघत,
कुठल्या फेरीची ते तिनं सांगितलं नाही.