दीड उसळी

बोरामणीहून पहाटे भरले दोनशे दहा ट्रे.
विजापूर वेशीत उतरवले तेव्हा
तडकलेली एकशे बारा.
मागच्या मंगळवारी सत्तर होती,
त्याआधी चाळीस.
गाडीचा रिपोर्ट ट्रेमध्येच लिहून येतो,
पिवळ्या शाईत.

इसाक नदाफनं पिकअपच्या बॉनेटवर, कोपऱ्याला,
दोन्ही तळहातांनी भार टाकला,
सोडला.
गाडी वर, खाली, वर, खाली,
पंचमीचा झोका उतरून गेल्यावरही हलत राहतो तशी.
"संपलेत बे शॉकप.
चांगला असला तर दीड उसळी.
वर येतो, अर्धा बसतो, गप."

नवी जोडी बेचाळीसशे.
भरून घेतले तर नगाला साडेसहाशे,
गॅरंटी इसाकच्या तोंडाची.
मी मनात सगळं अंड्यांत करून बघितलं:
आठशे अंडी, की सव्वाशे.

त्याचा आजा गाद्या पिंजायचा.
धनुकलीची तार वाजवत शुक्रवार पेठेतनं फिरायचा,
दबून गठ्ठा झालेला कापूस उन्हात मोकळा करायचा,
त्याच खोळीत परत भरायचा.
कापूस मरत नाही, दबतो, म्हणायचा म्हणे.
नातू लेथवर नळीचं तोंड कापतो,
आतलं काळं तेल डब्यात ओततो,
कटाच्या आमटीसारखं पातळ.
मी म्हटलं, मग भर की.
चारी भर.

त्यानं पुढचा रॉड चिंधीनं पुसला,
माझं बोट धरलं
आणि नख वरून खाली फिरवलं.
तीन ठिकाणी अडकलं.
"क्रोम गंजानं खाल्लाय.
नवीन सील घातलं तर हे खड्डे त्याला रोज चावणार,
महिन्यात फाडणार.
ह्याला भरून देतो म्हणणारा
नळी नाही, खिसा भरतो."
मागचे दोन पुसले.
नख सरळ खाली गेलं, कुठं थांबलंच नाही.
"हे मात्र फेकायचे नाहीत."

"पुढं एक नवा, एक जुना भरून?"
वाचतंय का बघत होतो.
तो हसला नाही.
"एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून
तुळजापूरपर्यंत चालून दाखव, मग बोलू."

अडीच वाजले होते. अक्कलकोट रोडचं डांबर
चपलेला चिकटू लागलं होतं.
शेजारच्या शेडात माग टॉवेल विणू लागलेले,
खटखट, खटखट,
त्यांना कुणी शॉकप बसवलेले नाहीत.
मी रिकाम्या ट्रेवर बसून विचारलं,
"एवढंसं नळकांडं हे, सगळं ओझं उचलतंय व्हय?"
"ओझं पाटे उचलतात," इसाक गाडीखालून म्हणाला.
"हा नुसता खड्डा विसरायला लावतो."

संध्याकाळी होटगी नाक्यापर्यंत फेरी मारून आलो.
त्यानं वाकून नव्या नळीला माझा हात लावला.
कोमट.
मग मागच्या, भरलेल्या नळीला.
तीही कोमट.
"हे तुझे खड्डे," म्हणाला,
आणि हात धुवायला गेला.

बुधवारी वेशीत तडकलेली सहा.
सुगलाबाईनं नेहमीचं मोठं पातेलं पुढं केलं,
अर्ध्या दरात फुटकी न्यायचं.
सहा बघितली.
पातेल्याच्या बुडाकडं बघितलं.
तिच्या गाड्यावर आम्लेट दहा रुपयाला कसं परवडतं,
हे गणित मी चार वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं.

बोलली काहीच नाही.
कांद्याचे हात पदराला पुसले,
गाडीपुढं आली,
कुठं शिकली काय की,
दोन्ही तळहात बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवून
सगळा भार टाकला,
सोडला.

एक.
अर्धा.
गप.

"बरं केलास की," कानडी हेलात म्हणाली,
आणि कनवटीची सुटी नाणी काढून
सहा अंड्यांचे, पुऱ्या दरानं,
माझ्या हातावर मोजू लागली.