रिकामा खिळा

बाबा, आज सात नंबरच्या शेडमध्ये तळवे तपासले.
एकेक कोंबडी उलटी धरून, टॉर्चच्या उजेडात.
तीनशे पायांखाली फक्त अकरा काळे डाग.
भुसा कोरडा आहे, मुठीतून सुटून जातो.
चार नंबरमध्ये मात्र अजूनही
दार उघडलं की अमोनिया आधी भेटतो,
कोंबड्या नंतर.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही विचारलं होतं,
सूपचा चमचा हवेतच धरून,
"हार्मके, तू कोंबड्यांचं पोट मारतेस म्हणे?"
विन्सखोटेनच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं.
पोट नाही मारत, म्हटलं. प्रथिन कमी करतेय,
एकवीस टक्क्यांवरून सतरावर.
समुद्रापलीकडचं सोयाबीन थोडं अंगी लागतं,
उरलेलं विष्ठेतून भुशात, भुशातून हवेत,
हवेतून त्या पाणथळीवर,
जिथे तुम्ही मला गुडघ्यांवर बसवून
दवबिंदूचं किडेखाऊ रोप दाखवलं होतं
आणि आता नुसतं गवत माजलंय.

मग तुमच्याच भाषेत बोलले.
मांस म्हणजे मजकूर, खिळे वीस प्रकारचे.
एक अक्षर संपलं की ओळ तिथेच अडते,
बाकीचे खण शिगोशीग भरलेले का असेनात.
आम्ही आजवर एका मेथिओनिनसाठी
अख्खा छापखाना विकत घ्यायचो
आणि उरलेलं शिसं उकिरड्यावर.
तुम्ही हसलात.
वेनडमच्या प्रेसमध्ये ‘ए’ नेहमी आधी संपायचा,
मालक शेवटी नुसते ‘ए’ ओतून घ्यायचा.

तेच, बाबा, तेच!
मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन,
सुटं मिळतं आता, पोत्यात, पांढरी पूड.
मग व्हॅलिन. मग आर्जिनिन, आयसोल्युसिन.
कागदावर हिशोब चोख बसला.

पस्तिसाव्या दिवशी कोंबडी एकशे ऐंशी ग्रॅमने हलकी.
रेम्टने तराजू ठोकून पाहिला.
तराजू खरा होता.
महिनाभर मी खण मोजत बसले,
आणि त्या रविवारी तुम्ही, ज्यांना
कोंबडा कुठला नि कोंबडी कुठली तेही धड कळत नाही,
सहज म्हणालात, "रिकामे खिळे मोजलेस?"
कुठले?
"छापले जात नाहीत ते. शब्दांच्या मध्ये बसतात.
नवशिका तेच विसरतो. अक्षरं सगळी असतात,
आणि ओळ उचलली की घरंगळून जमिनीवर."

ग्लायसिन.
सगळ्यांत लहान. बाजूला ना हात ना पाय,
एक हायड्रोजन तेवढा.
कोंबडी ते स्वतःच बनवते,
म्हणून पुस्तकात त्याला ‘अनावश्यक’ म्हणतात.
बनवते, पण वाढत्या पिल्लाला पुरेल इतकं नाही.
शिवाय नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकायलाही
दर खेपेला एक ग्लायसिन खर्ची पडतं;
पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला
घरचं माणूस जावं, आणि ते परतूच नये, तसं.

सात नंबरला वजन भरलंय.
रेम्ट काही बोलला नाही, फक्त
पाटीवरचा आकडा दुसऱ्यांदा गिरवला.

उद्या पहाटे चारला ट्रक येतील.
एक्केचाळीस दिवस. मी तिथे थांबत नाही,
तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही
कोंबडी खाणं सोडलंत, कारण सांगितलं नाहीत,
मी विचारलं नाही.

रविवारी वाटाण्याचं सूप आणते.
नर्स म्हणते, तुम्ही अर्धंच पिता.
वाटाण्यात मेथिओनिन कमी असतं, बाबा.
बरोबर काळा पाव आणते.