फ्रेमची कड

वडगावात, मागांच्या खडखडाटाला लागूनच हे कार्यालय.
वर पत्रे, त्यांत एकच पिवळट फायबरचा.
त्यातून बारा पस्तीसचं ऊन उतरतं
हळद सांडल्यासारखं,
जिथे नको नेमकं तिथे.

नवरीकडचे मराठी, नवऱ्याकडचे बैलहोंगलचे.
मी दोन्हींत बोलतो : इकडे बघा, इल्ली नोड्री,
जरा हसा, स्वल्प नग्री.
दोन्हीकडचं हसू एकदम येत नाही.
एक ओसरायच्या आत दुसरं उमटतं,
त्या अर्ध्या सेकंदात बटण दाबायचं.
माझी सगळी विद्या एवढीच.

बाकीची परशरामअण्णांची.
त्यांनी जन्मभर रोल भरले, छत्तीस फोटोंत लग्न बसवलं,
म्हणून काटकसरीने बघायचे.
"चेहरा कुणीबी काढतंय रे. तू कडा बघ.
कडेला अर्धा माणूस राहिला की फोटो बाद.
घेतलास तर अख्खा घे,
नाहीतर काप."

शिवलीलाच्या लग्नात
लगमव्वा मावशी सकाळपासून कडेला होती.
हिनेच पोरीला वाढवलं, हे मला वाढप्याने सांगितलं.
मी कॅमेरा उचलला की ती एक पाऊल मागे,
ना कमी ना जास्त,
माझ्या लेन्सची रुंदी तिला तोंडपाठ असावी.
एकदा गाठलंच तिला, मांड्यांच्या परातीपाशी.
"मला कशाला घेऊलास रे बाळा?
सवाशिणींचं घे जा की."
आणि पदर घेतला तोंडावर,
हातात तूप होतं तरी.

मग अंतरपाट, मंगलाष्टकं, ताशा,
सगळे टाचांवर.
मी घाईत रुंद लेन्स चढवली.
फ्लॅश दमला होता, पेटलाच नाही.
शटर रेंगाळलं, सेकंदाचा तिसावा भाग.
गेला फोटो, म्हटलं, हलला.
पुढचे चाळीस काढले.

अल्बम करताना इराण्णाने स्क्रीनवर विचारलं,
"नवरीचे डोळे भारी आलेत यात. डावीकडनं कट करू?"
मी चहा पीत होतो.
"कर," म्हणालो.

दीड वर्षाने बैलहोंगलहून फोन.
"दादा, चौदाव्या पानावर डाव्या कडेला
एक हात आहे.
बोटांवर दोऱ्याच्या चिरा दिसतात बघा.
तो मावशीचा.
बाकीची मावशी कुठं आहे?"
मी गप्प.
"श्रावणात गेली ती. आधारकार्डावरचा एक फोटो आहे खरं,
त्यात ती कुणीतरी धरून आणल्यासारखी दिसते."

जुनी हार्डडिस्क घरघरत उघडली.
आख्खी फाइल.
कार्यालयाच्या त्या टोकाला, भटारखान्याच्या दारात,
फायबरच्या उन्हात उभी आहे ती,
तेवढीच उजळ. स्टेज अंधारात.
पदर खाली घसरलाय, लक्ष नाही.
मूठ नुकतीच उघडलेली.
तिथून स्टेजपर्यंत अक्षता पोचणं शक्य नव्हतं,
मध्ये दीडशे माणसं, आठ खांब, कुलर.
तिने टाकल्या होत्या.
दाणे हवेत हलले आहेत, म्हणून दाणे नाहीत,
पिवळ्या बारीक रेघा आहेत,
कांडीवरून सुटलेल्या दोऱ्यासारख्या,
आणि सगळ्या एकाच दिशेला.

ही आयुष्यभर कांड्या भरायची.
शालूचं सूतही बहुतेक तिच्याच हातचं.
विचारायला आता कोण आहे.

इराण्णाला म्हटलं, मोठा काढ, बारा बाय अठरा,
काही कापू नको.
त्याने दोनदा विचारलं.
उजव्या कडेला वाढप्याचा अर्धा खांदा आलाय, बादलीसकट.
अण्णा असते तर हातावर फटका बसला असता.

खांदा राहू दे म्हटलं.
पैसे घेतले नाहीत.
घ्यायला हवे होते, असं घरी म्हणाले.