वर्दळ मोजणी, कुडचडे

सकाळी नऊ ते अकरा
मी आंतोन बारेटोच्या चहाच्या गाड्याशी बसते.
हातात मोजणीयंत्र, चार आकडी खिडकी.
टिक म्हणजे एक माणूस.
कुत्र्याला टिक नाही.
शाळेच्या गणवेशालाही नाही,
कारण पद्धतीत लिहिलंय: क्रयशक्ती नसलेले वगळावेत.
एक बाई तीनदा गेली, तीनदा आली.
तिला आधी एकदा धरलं, मग दोनदा,
मग तिचा नाद सोडला.

प्लॉट समोरच. अठ्ठावीसशे चौरस मीटर.
सनद झालेली, झोन व्यापारी, पुढ्यात दहा मीटरचा रस्ता.
छत्तीसच्या छत्तीस गुण जुळावेत
आणि तरी उठताना कोणी काही बोलू नये,
तशी जमीन.
तिच्यावर एकोणीस ट्रक उभे आहेत.
खाण थांबली तेव्हा आठ दिवसांपुरते लावलेले.
हौद्यांत घाणेरी फुललीय.
लाल धूळ गेली म्हणतात,
ती पानांच्या मागच्या बाजूला राहायला गेलीय.

दिलखुश प्रभुदेसाईंचं सगळं गणित एका वाक्यावर:
"खण सुरू जाली की भरतले सगळे गाळे."
खाणीला ते खण म्हणतात.
मला ऐकू येतो कपाटाचा खण,
ओढला की अर्ध्यावर अडकणारा.

शेजारच्या संकुलात गाळे तीस.
शटर वर: बारा.
टायरवाला रेजिनाल्ड आता शोभेचे मासे विकतो,
वर आढ्याला ट्यूबा तशाच टांगलेल्या,
खाली मासे तोंडं उघडतात, मिटतात.
रिकामे गाळे पंधरा टक्के धरले तर बँक हसते.
चाळीस धरले तर आठव्या वर्षी व्याज भाड्याला गाठतं.
साठ धरून काय होतं
ते मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

साडेदहाला यंत्रावर एकशेचाळीस.
मग वर्दळ वाढली.
इस्त्रीचे शर्ट, हातात पिशव्या,
पोस्टाकडून येतात, स्टेशनाकडे वळतात,
पुन्हा पोस्टाकडून येतात.
अंगठा चालत राहिला, त्याला चेहरे कळत नाहीत.
आंतोन कप विसळता विसळता म्हणाला,
"ड्रायव्हर ते. दिलखुशबाबाचे."
पिशव्या रिकाम्या होत्या.
वाऱ्याने फुगत होत्या तेवढ्याच.

अकराला ते गाड्यापाशी थांबले.
सात चहा, चार पाव-भाजी, दोन सिगारेटी.
पैसे रोख दिले, सुट्टे परत मोजून घेतले.
पद्धतीप्रमाणे हे ग्राहक.
गेल्या कित्येक महिन्यांतली
या चौकातली कदाचित सगळ्यात मोठी उलाढाल.

त्यांतला वयस्क, शाणू गावकर,
माझ्या मुठीकडे बघत होता.
कधीकाळी याच मुठीएवढ्या गिअरवर
त्याने रात्रीच्या चार खेपा केल्या असतील.
"बाय," त्याने विचारलं, "आमकां कितले धरले?"

खिडकीत दोनशे तीन.
मी यंत्र पर्समध्ये टाकलं.
पर्समध्ये ते किल्लीवर आपटलं
आणि दोनशे चार झालं.