तातडीचा संपर्क

पहिला तलाव दुरुस्तीसाठी बंद.
दुसऱ्यात तीन पट्टे : सावकाश, मध्यम, जलद.
मध्यमात उतरले, तर मागून कुणीतरी
दोनदा टाचेला टोचलं. सावकाशात गेले,
तिथे दोघी आज्या उभ्याउभ्याच
कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलत होत्या.

मग लाँड्रीवाला म्हणाला, स्वॉन्झीत समुद्र फुकट आहे.
शनिवारी सकाळी सात. ग्लेनिसला विचार.

ग्लेनिस बहात्तरची. लाल लोकरीची टोपी
घालूनच पोहणारी.
तिच्या फॉर्मवर प्रश्न : कुठला स्ट्रोक?
मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डालड्याचा डबा बांधून
अण्णाकाकांनी ढकललं होतं,
त्याला काय नाव असणार.
लिहिलं : बुडत नाही.

पुढची चौकट : तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं?
येऊन दीड महिना झालेला. आईला कळवून
ती साताऱ्याहून काय करणार, नुसती रडणार.
घरमालकाचा नंबर टाकला.

ग्लेनिसने चष्मा कपाळावर सारून वाचला.
"ग्रिफिथ्स? तो बॉयलरसाठी येत नाही,
तुझ्यासाठी येणारे?"
एक रेघ मारली, स्वतःचा नंबर लिहिला.
चल, ओहोटी लागायच्या आत.

पाणी अकरा अंश. छातीला लागलं तसा
श्वास वरच कुठेतरी अडकला.
हात मात्र आपले
विहिरीतलेच मारू लागले,
पायरी शोधत.
पायरी नव्हतीच.
पुढे ती लाल टोपी
वरखाली होत होती, अंतर राखून,
मधूनच मागे वळत.