सात नंबरचं मशीन

डुलूथमध्ये जानेवारीत लाँड्रोमॅटच्या काचांना
आतून घाम येतो.
तो आला तेव्हा मी सुटी नाणी मोजत होते.
काठीवर फोन, फोनवर लाल ठिपका.

बाकावर ऑर्विल झोपला होता, तोंड उघडं,
मोजे ड्रायरमध्ये, म्हणून पायही उघडे.
त्याच्या भेगाळ तळव्यांपाशी फोन रेंगाळला.

"बंद कर ते," माई शी म्हणाली. दुकान तिचं.
"दार सगळ्यांना उघडंय ना?
मग मी काय चोरलं?"
तिला इंग्रजी येतं, पण रागात
शब्द आधी ह्मोंगमधले येतात,
आणि तेही त्याने टिपले.

तेवढ्यात आर्डिसने मशीनमधून
चादर ओढली, ओलीच.
एक टोक तिने धरलं, दुसरं
लोंबत राहिलं, गळत.
मी उठले. नाणी घरंगळली, जाऊ देत.

तो डावीकडे, की आम्ही डावीकडे.
त्याला हसू येत होतं. आमचे हात भरून आले.
ऑर्विल आपला घोरतोय.

मग सात नंबरचं मशीन थांबलं,
पिं पिं करत राहिलं.
कुणी हललं नाही.
त्याचंच होतं.

फोन खिशात घालून तो वाकला:
दोन शर्ट, आणि बदकांच्या नक्षीची
लहान मुलाची चादर,
मधोमध पिवळट डाग, धुऊनही तसाच.

आर्डिसने मान फिरवली. मीही.
माई शी फरशीवरची नाणी वेचू लागली,
एकेक, सावकाश.